अडतीसवरची टिकली

जनार्दनरावांनी गिझरच्या गोल बटणाशेजारी सुनेची लाल टिकली चिकटवली, ती थेट अडतीसवर. कालपर्यंत पाणी साठावर तापत असे.

“आजपासून या घरात टिकलीच्या वर जायचं नाही. वीज वाचेल. आणि मी एकदा जरी कुडकुडलो, तर खुशाल माझं भुसावळचं तिकीट काढ.”

जयपूरची थंडी बाबांना झेपत नाही, त्यांनी कायमचं भुसावळला थोरल्याकडे राहावं, हे टुमणं मुलाचं, स्वप्नीलचंच. भुसावळला सगळं होतं. फक्त सात वर्षांची सावनी नव्हती. ती नात म्हणजे म्हाताऱ्याचा जीव.

“ऐन पौषात, बाबा?” मोनाली म्हणाली. “इथलं पाणी चावतं हो.”

“मालगाडीचा गार्ड होतो मी, सूनबाई. पाणी चावलं तर मी उलट चावीन!” जनार्दनरावांनी मोत्यांसारखे दात दाखवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला न्हाणीघरातून धबाधबा पाणी ओतल्याचा आवाज आला. मागोमाग तीनदा “हर हर गंगे!” पाच मिनिटांत म्हातारा बाहेर. मग कापडी पिशवीत ज्वारी घेऊन कबुतरांना दाणे घालायला खाली. पाऊण तासाने परत आले तेव्हा गाल गुलाबी आणि तोंडात कडाकडा चिक्की.

“आजोबा, मतलब तुम्हाला ठंड लागतच नाही?” सावनीने डोळे विस्फारले.

“थंडीलाच माझी भीती वाटते गं.”

बाकीच्यांचे मात्र हाल. स्वप्नील आठवडाभर शिंकला. मोनालीने एकदा गुपचूप बटण फिरवलं, तर सावनी दारातूनच किंचाळली, “मम्मी, टिकलीच्या वर!” पण रोज म्हाताऱ्याकडे पाहून त्यांनाही हुरूप आला. अंघोळी आटोपशीर झाल्या, मीटर मंदावलं. विद्याधर नगरातल्या त्या इमारतीत बघता बघता अकरा गिझरांवर टिकल्या लागल्या. तळमजल्यावरचे शेखावतजी तेवढे राहिले. ते एकटे, कानाने अधू. त्यांच्यापर्यंत काही पोचतच नसे.

संक्रांतीच्या सकाळी गच्चीवर सोसायटीने जनार्दनरावांना शाल पांघरवली. डोक्यावर पतंगच पतंग. सेक्रेटरी म्हणाले, “बाबूजी, दो शब्द?”

जनार्दनरावांनी नुसते हात जोडले.

सावनीने तिळगूळ पुढे केला. त्यांनी तो कपाळाला लावून खिशात ठेवला.

“एवढं करून एक शब्द नाही,” मोनालीने डोळे टिपले. “खरा तपस्वी माणूस.”

स्वप्नीलने भर गच्चीत वडिलांचे पाय धरले. “बाबा, भुसावळचा विषय संपला. चुकलं माझं. सावनीला सोडून तुम्ही कुठेही जायचं नाही.”

जनार्दनरावांनी ओठ घट्ट मिटून मान डोलावली. डोळ्यांत पाणी तरारलं.

तेवढ्यात शेखावतजी धापा टाकत जिना चढून आले. हातात रुमालाची पुरचुंडी. बहिऱ्या माणसाचा आवाज तो. पतंगवाल्यांनीही माना वळवल्या.

“बाबूजी! रोज की तरह नहाकर निकल गए, और ये मेरे गीजर के नीचे ही छोड़ आए! गरम पानी से धोकर लाया हूँ।”

त्यांनी रुमाल उलगडला. कवळी अजून वाफाळत होती.