अपत्य नाही

कुलवृत्तांताच्या प्रुफात त्र्यंबकरावांच्या नावाखालची रेघ जेमतेम अर्धा सेंटिमीटर उतरून थांबली होती. टोकाशी छापलं होतं, ‘अपत्य नाही’. वासंतीबाईंनी चष्मा पुसून नवऱ्याकडे पाहिलं. आणीबाणीत तुरुंगात गेलेला, लेकीच्या शाळाप्रवेशाच्या अर्जात जातीपुढे ‘भारतीय’ लिहून मुख्याध्यापकांशी भांडलेला हाच माणूस होता. उर्वीने मुसलमानाशी लग्न केल्यापासून बारा वर्षं त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. आता कुलमंडळाचा अध्यक्ष झाला होता. “काकू, माहिती बरोबर असल्याची सही हवी,” पुतण्या केदार नजर चुकवत म्हणाला. “उर्वीचं नाव राहिलंय,” वासंतीबाई म्हणाल्या. “ती त्यांच्यात गेली. त्यांचा देश वेगळा,” त्र्यंबकराव म्हणाले. “कर सही, चहा निवतोय त्याचा.” “ठाण्यात राहते ती, वर्तकनगरात.” वासंतीबाईंनी पेनाला टोपण लावलं. “सही नाही मिळणार, केदार.” वर्षानुवर्षं अडलेलं अखेर ओठांवर आलं. “मी उर्वीकडे राहायला चाललेय. कायमची.”