अकरावा खण

संध्याकाळच्या मोजणीची घंटा झाली तेव्हा अकराव्या खणात रंधा नव्हता.

तुरुंगातल्या सुतारशाळेत रंध्यांचं कपाट भिंतभर होतं. चौदा खण, चौदा रंधे. वीतभर लांबीच्या रंध्यापासून हातभर लांबीच्या रंध्यापर्यंत ओळीने मांडलेले. प्रत्येक खणात त्या त्या रंध्याचा आकार काळ्या रंगाने काढलेला. एखादा जागेवर नसला की तेवढं काळं लांबूनही डोळ्यांत भरायचं. हे कपाट मिस्त्रीनेच, इथल्या जुन्या कैद्याने, बनवलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून ते त्याच्याच ताब्यात होतं आणि मोजणी एकदाही चुकली नव्हती.

"अकरा नंबर कुणाकडे आहे?" हवालदाराने विचारलं.

बत्तीस कैदी दोन रांगांत उकिडवे बसले. हत्यार सापडेपर्यंत कुणाला बराकीत जाता येत नसे. रंध्यात पातं असतं, आणि पातं बराकीत गेलं तर काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आज चहा गार मिळणार," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"मग रोज काय उकळता मिळतो?"

कपाटापाशी टेलर उभा होता. बाहेर असताना कपडे शिवायचा, म्हणून टेलर. उद्यापासून कपाटाची जबाबदारी त्याच्यावर येणार होती, कारण उद्या सकाळी मिस्त्री सुटणार होता. आठवडाभर मिस्त्रीने त्याला सगळं शिकवलं होतं. पात्यावर तेलाची चिंधी कशी फिरवायची, दमट हवेत पातं धरणारी पाचर किती सैल सोडायची, सगळं.

"दुपारी मी मोजले तेव्हा होते हो सगळे," टेलर रडकुंडीला आला. "आईशप्पथ, हवालदारसाहेब."

हवालदाराने त्याची कॉलर धरली.

"त्याला सोडा," मिस्त्री म्हणाला. "माझ्याकडे आहे."

तो ज्याला टेकून बसला होता ते ढलप्यांचं पोतं त्याने पुढे ओढलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि रंधा बाहेर काढला.

हवालदाराने जेलरला बोलावून आणलं. जेलरने बाकीच्यांना चहाला पाठवलं. कपाट बंद करायला टेलर तेवढा थांबला.

"हे काय केलंत, मिस्त्री?"

"लिहून घ्या साहेब. हत्यार लपवलं." मिस्त्रीने रंधा टेबलावर ठेवला. "दोन वर्षं तरी वाढतील ना?"

जेलर त्याच्याकडे बघत राहिला. "पुतण्या येणार होता ना तुम्हाला न्यायला?"

मिस्त्रीने खिशातून पत्र काढून दिलं. मोजून चार ओळी होत्या. काका, मुलीचं लग्न जमतंय. इकडे कुणाला तुमच्याबद्दल माहीत नाही. तुम्ही येऊ नका. रागावू नका.

"तो तरी काय करेल," मिस्त्री म्हणाला. "लेकीचा बाप आहे."

"दुसरं कुणी?"

"बायको होती. मी आत आल्यावर सातव्या वर्षी गेली."

"हातात कला आहे तुमच्या. कुठेही काम मिळेल."

"हाताने रंधा कोण मारतो आता, साहेब? सगळं मशीनवर निघतं. टीव्हीवर बघतो ना मी." "मागच्या महिन्यात डोळे तपासायला बाहेर नेलं होतं मला. रस्ता ओलांडताना हवालदाराचा हात घट्ट धरला. तो हसला. म्हणाला, कैदी पळू नये म्हणून आम्ही हात धरतो, इथे उलटंच चाललंय."

जेलर हसला नाही. खिशाला पेन होतं, पण त्याने ते काढलं नाही. उठला, टेबलावरचा रंधा उचलला आणि अकराव्या खणात नेऊन ठेवला. मग एकेका खणावर बोट ठेवत मोठ्याने मोजलं.

"चौदा. सगळे जागेवर आहेत."

"साहेब, मी चोरलाय तो."

"कुठून चोरलात? इथे तर एकही कमी नाही."

"साहेब, पाया पडतो..."

"अहो, आत ठेवा म्हणून कुणी माझ्या पाया पडलेलं नाही आजवर." जेलरचा आवाज खाली आला. "सुटलेल्या माणसाला मी अडकवू? एवढं पाप माझ्या हातून नको, मिस्त्री. सकाळी आठला गेटवर या. तुमचे कपडे काढून ठेवायला सांगितलेत."

त्याने मिस्त्रीच्या खांद्यावर थोपटलं आणि तो निघून गेला. एका माणसाचं आपण भलं केलं, असं त्याच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं. मिस्त्रीलाही ते कळत होतं, म्हणून त्याच्यावर रागावताही येईना.

जेलरने रंधा तळावर उभा ठेवला होता. तसा ठेवला की पात्याची धार फळीला टेकते आणि मरते. रंधा नेहमी कुशीवर निजवायचा असतो. मिस्त्रीचा हात आपसूक पुढे गेला.

टेलर त्याच्या आधी पोचला. त्याने रंधा अलगद उचलला, कुशीवर निजवला, जाळीचं दार लावलं आणि कुलूप घातलं.

"राहू द्या काका," तो मायेने म्हणाला. "आता मी आहे ना."

मिस्त्रीने हात मागे घेतला आणि सदऱ्याला पुसला. हाताला काही लागलेलं नव्हतं.