तीस पावलांचा नेम

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि घरातला तीन दिवसांचा अबोला मोडला.

"उतू जातंय," नवरा म्हणाला.

तिने गॅस बंद केला. त्याने पहाऱ्याच्या नोकरीतलं रिव्हॉल्वर कमरेतून काढून ओट्यावर, कपांशेजारी ठेवलं.

"हे खाली मारतं. बापाची विद्या हातात शिल्लक असेल तर नीट करून दे. मला बोटभरही फरक चालणार नाही."

"आजच?"

"उद्या तुझा भाऊ खांब पुरायला येतोय. माझ्या अंगणात." त्याने चहाचा घोट घेतला. "पाहुणा येणार म्हटल्यावर तयारी नको?"

अंगण कुणाचं, हा वाद वडील गेल्यापासूनचा. ते बंदुका दुरुस्त करायचे. मागची शेड भावाला मिळाली, पुढचं घर तिला, आणि मधल्या अंगणाचं कागदावर लिहायचं राहून गेलं. गेल्या आठवड्यात भावाने मधोमध खुंट्या ठोकल्या आणि चार लोकांत नवऱ्याला फुकटचा घरजावई म्हटलं.

"मी नाही करणार," ती म्हणाली.

"नको करूस. बाजारातला कारागीर करेल. त्याला कुठे भाऊ आडवा येतोय?"

तिने क्षणभर विचार केला. बाजारातला कारागीर काम चोख करेल. तिने रिव्हॉल्वर उचललं.

दुपारी ते जुन्या दगडखाणीत गेले. लेकीला, चिमीला, घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. ती मागे दगडावर, कानांत बोटं घालून बसली. नवऱ्याने फळीवर कागद लावला आणि तीस पावलं मोजली. तिने मनात दुसरी तीस मोजली: मागच्या पायरीपासून त्या खुंट्यांपर्यंत. तितकीच.

नळीच्या टोकावरच्या उभ्या पात्याला वडील माशी म्हणायचे. माशी जितकी बुटकी, तितकी गोळी वर. माशी मागच्या खाचेत दिसावी म्हणून माणूस नकळत नळी उचलतो. वडील कानशीचे चार हात मारून थांबायचे, गोळी झाडून बघायचे, मग पुढचे चार. काढलेलं लोखंड परत चिकटत नाही, म्हणायचे.

तिनेही तसंच केलं. चार हात, एक गोळी. तीन हात, एक गोळी. शेवटच्या पाच गोळ्या त्याने स्वतः झाडल्या. कागदाच्या मध्यावर, कपाच्या तोंडाएवढ्या जागेत पाच भोकं पडली.

"वा," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून त्याने तिच्या कुठल्याही कामाला वा म्हटलं नव्हतं.

मग तो चिमीपाशी उकिडवा बसला. तिच्या कानातलं बोट अलगद बाहेर काढून काहीतरी पुटपुटला. चिमी खुदकन हसली. बायकोशी वाकडं असलं तरी लेकीशी तो तसा नव्हता.

घरी आल्यावर तिने भावाला फोन केला. "दादा, उद्या येऊ नकोस."

"घरजावयाने सांगितलं का, असं बोलायला?"

"मी सांगतेय. त्याच्याकडे..."

"त्याच्याकडे काय आहे ते मला ठाऊक आहे. तोंड. बाकी काही नाही." फोन कट.

"साफ करून देते," असं नवऱ्याला सांगून तिने रिव्हॉल्वर मागच्या खोलीत नेलं आणि चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून वडिलांच्या शिकंज्यात घट्ट धरलं. दादाची उंची तिला पाठ होती. या खोलीच्या चौकटीवर त्याचं कपाळ कितीदा तरी आपटलेलं. नवरा छातीवर नेम धरेल. छातीपासून डोक्याच्याही वर, वर आणखी वीतभर, तीस पावलांवर. तिने हिशेब केला आणि घासायला लागली. या वेळी चार हातांनंतर थांबली नाही. माशी जवळजवळ निम्मी झाली, तेव्हा तिने कड काळी केली, तेलाचा बोळा फिरवला. माशी किती उंच होती, हे लक्षात ठेवणाऱ्यांतला तो नव्हता.

शेजारी येऊन बसलेल्या चिमीच्या फ्रॉकवर लोखंडाची भुकटी उडाली होती. तिने ती फुंकरीने उडवली आणि लेकीला पोटाशी धरून बसली. मामा वाचला, असं मनात म्हणाली.

सकाळी भाऊ पहार घेऊन आला. नवरा मागच्या पायरीवर उभा होता. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत, चिमी तिचं बोट धरून.

"पहार खाली ठेव," नवरा म्हणाला.

"घरजावई, आधी बायकोला विचार, बोलू का म्हणून."

"शेवटचं सांगतोय."

"सांग की. मी खड्डा खणता खणता ऐकतो." भाऊ पाठ न फिरवता खुंट्यांपाशी उकिडवा बसला आणि त्याने पहार मातीत घातली.

नवऱ्याने रिव्हॉल्वर काढलं. हात खाली झुकलेला होता. बसलेल्या माणसासाठी झुकणारच. ती तरीही घाबरली नाही. उभा असो की बसलेला, छातीवर धरलेली गोळी डोक्यावरून जाणार होती. तिने डोळेही मिटले नाहीत.

आवाज झाला. भाऊ छाती धरून कुशीवर कलंडला.

नवरा हातातल्या रिव्हॉल्वरकडे दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखा बघत राहिला. मग ते टाकून धावला. गुडघ्यांवर बसून दोन्ही तळव्यांनी भावाची छाती दाबून धरली आणि "दादा, दादा" करू लागला. त्याला त्याने कधी दादा म्हटलं नव्हतं.

चिमीने तिचं बोट ओढलं.

"आई, बाबा तर काल माझ्या कानात म्हणाले होते, मामाच्या पायापुढच्या मातीत मारायची, नुसतं घाबरवायचं. मग गोळी वर कशी गेली?"