विनोदिनीचे गाऱ्हाणे

तुयेच्या कारखान्यातून सुटलेल्या बसमध्ये, गर्दीचा फायदा घेऊन कुणीतरी मागून विनोदिनीच्या अंगावर हात टाकला. बसमध्ये होते ते सगळे गावातलेच बाप्ये. पोलीस म्हणाले, "आधी त्याचे नाव सांग, मग तक्रार घेऊ." गाव म्हणाला, "पोलीस कित्याक? देवाक सांगूया!"

म्हणून राष्ट्रोळीच्या देवळात तिचा नारळ ठेवून, गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या कृष्णनाथ घाड्याने खड्या आवाजात गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, जेना ह्या चेडवाच्या अंगार हात टाकलो, तेचो हात लुळो पडांदे!"

एरवी कुणाची म्हैस हरवली तरी गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणत घसा फोडणारे बाप्ये आज देवळाचे खांब न्याहाळत राहिले.

घाडी गडबडला. "बरां, लुळो नको. नुसती खाज सुटांदे!"

कुणीतरी खोकले, तेवढेच.

"मगे... ह्या चेडवाक तरी बुद्धी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळाची कौले हादरली.

विनोदिनीने आपला नारळ उचलला.

"खंय चललंस गो?" घाड्याने विचारले.

"पोलिसांत. ते एक नाव इचारी होते. आता सगळ्यांचीच सांगतंय!"