बबडी रुळली

बबडी रडत होती आणि तिची आई मागे वळून बघत नव्हती. नणंदेच्या दारात लेकीला सोडून ती सरळ रस्त्याला लागली. पाळणाघरात बारा वर्षं ती मूल सोडायला येणाऱ्या नव्या आयांना हेच शिकवत आली होती. टाटा म्हणायचं आणि निघायचं. वळून बघाल तर रडणं आठवडाभर लांबेल. ज्या दिवशी मूल न रडता हात हलवेल, त्या दिवशी ते रुळलं समजायचं.

आता स्वतःच्याच अडीच वर्षांच्या पोरीची पाळी होती. बबडीच्या आईच्या मांडीत गाठ आली होती. दुखत नव्हती, पण हाताला गरम लागायची आणि वर्षभरात लिंबाची मोसंबी झाली होती. स्कॅनमध्ये ती दिव्यासारखी पेटलेली दिसली. कॅन्सर असू शकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुईने काढलेला तुकडा मोठ्या लॅबमध्ये गेला. रिपोर्टला तीन आठवडे लागणार होते.

"अगं, रिपोर्ट तरी येऊ दे," नणंद म्हणाली होती.

"मग वेळ कुठे उरेल, वन्सं? तिला माझी सवय आत्ताच सुटू दे. मी गेल्यावर तरी रडणार नाही."

नवरा चिडला. "तुझं पाळणाघर घरात कशाला आणतेस?" पण तिच्यापुढे त्याचं काही चाललं नाही. रोज संध्याकाळी ती अर्धा तास लेकीला भेटायला जायची, पण उचलून घ्यायची नाही. बबडीने पायाला मिठी मारली की काळजावर दगड ठेवून एकेक बोट सोडवायची. कोपऱ्यावर वळली की भिंतीला टेकून ढसाढसा रडायची.

बाविसाव्या दिवशी रिपोर्ट आला.

"कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चरबीची साधी गाठ आहे, पण फार क्वचित सापडणारी. तान्ह्या बाळाला ऊब देणारी तपकिरी चरबी असते ना, तिचीच. रक्त जास्त खेळतं, म्हणून गरम लागते आणि स्कॅनमध्ये पेटते. काढून टाकू. पुन्हा होत नाही."

तिच्या जिवात जीव आला. ती धावतच नणंदेकडे गेली. चपला न काढता उंबऱ्यातच तिने दोन्ही हात पसरले.

"बबडे, चल, घरी जायचं."

आत्याच्या कडेवरून बबडीने आईकडे पाहिलं. ती रडली नाही. तिने हात हलवला आणि म्हणाली, "टाटा."