पाचव्या घरचा जोगवा

"पण बाई, माझं कुणाशी भांडणच न्हाय," निकिता उभी राहून म्हणाली. "मग गृहपाठ कसा करायचा?"

वर्ग हसला. दैवशालाबाई खुर्चीत तशाच बसून राहिल्या. मंगळवारचा शेवटचा तास, आणि तोही मूल्यशिक्षणाचा. हा तास म्हणजे पंगतीत उरलेलं गार वरण. कुणीच वाढून घेत नाही, म्हणून दरसाल बाईंच्याच पानात. दिवसभर बडबडून घसा बसलेला, त्यात मंगळवारचा उपास. गृहपाठसुद्धा त्यांनी कंटाळून, पुस्तकात होता म्हणून दिला होता. ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्याशी आपण होऊन बोलायचं आणि काय झालं ते वर्गात सांगायचं. पोरांनी झकास थापा ठोकल्या. रणधीर तर म्हणाला, मी आमच्या म्हशीशी बोललो, लई लाथा मारायची, आता मारत न्हाय.

"भांडण नाही, तर बस खाली," बाई म्हणाल्या. "नशीबवान आहेस."

निकिता बसली नाही.

"पण एका जणीशी बोलायची मला बंदी हाय, बाई. मला तर लई बोलावं वाटतं. ते धरलं तर चालंल का?"

"कुणाची बंदी?"

"मोठ्यांची."

हसणं कुठल्या कुठं गेलं. तामलवाडी ती केवढी! निकिता म्हणजे बाईंच्या धाकट्या दिराची लेक, हे प्रत्येक बाकाला ठाऊक होतं. दोन्ही घरांचा उभा दावा आहे, हेही ठाऊक होतं. बाई एवढंच म्हणाल्या, "बस खाली." मग उठून फळा पुसू लागल्या. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

घरी जाताना त्यांचे पाय उचलत नव्हते. बाईंना मूलबाळ नाही. निकिता त्यांच्याच मांडीवर वाढली. तिचं न्हाऊमाखू, तिचे बोबडे बोल, तापातली जागरणं, सगळं बाईंनी केलं. मग एक दिवस चुलीपुढं जावाजावांची जुंपली. धाकटी जाऊ नीलम्मा सीमेकडची, मनानं साधी, पण जिभेला हाड नाही. रागाच्या भरात बोलून गेली, "लेकरू माझं हाय. दुसऱ्याच्या लेकरावर मालकी कशाला सांगता?" बाईंच्या काळजाचं पाणी झालं. मग त्याही तोंडाला येईल ते बोलल्या. काय काय बोलल्या, ते त्यांचं त्यांना आठवत नाही. त्याच दिवशी नवऱ्याला घेऊन त्यांनी त्याच गल्लीत वेगळं बिऱ्हाड मांडलं. तेव्हा निकिता बालवाडीत होती. आता नववीत आहे, रोज डोळ्यांसमोर बसते, आणि 'बाई'शिवाय तिच्या तोंडून दुसरी हाक नाही.

म्हणजे नीलम्मानं पोरीला बंदी घातली होती तर! आपला अबोला मोठ्यांचा, तो मोठ्यांनी भोगावा. पण लेकराचं तोंड शिवायचं? बाईंना संताप आला, आणि त्यापेक्षा जास्त रडू आलं.

दिवेलागणीला त्यांनी परडी हातात घेतली. थोरली सून म्हणून सासूनं देवीआईची परडी त्यांच्याकडं दिली होती. परडी घेतलेली बाई पगारदार असो की जमीनदारीण, मंगळवारी पाच घरी जाऊन तिनं जोगवा मागायचा. तेवढाच अंगातला माज उतरतो, असं सासू म्हणायची. आणि परडी दारात आली की वैऱ्यानंही ती रिकामी पाठवायची नाही. चार घरं बाईंच्या गल्लीतली, ठरलेली. पाचवं जवळचं घर नीलम्माचं. ते टाळून बाई दर मंगळवारी वळसा घालून मारुतीच्या पारापलीकडं जात.

आज वळसा घालायचं त्राण नव्हतं. खरं सांगायचं तर राग सांभाळायचंही त्राण उरलं नव्हतं. एवढी वर्षं तो राग त्यांनी पोटच्या पोरासारखा जपला होता. आता पोरगी परत हवी होती, बास.

त्या नीलम्माच्या उंबऱ्यापुढं उभ्या राहिल्या. "जोगवा वाढा," म्हणत त्यांनी परडी पुढं केली.

नीलम्मा सुपात पीठ घेऊन आली आणि दारातच थबकली. मग गुमान तिनं परडीला हळदी-कुंकू लावलं, पीठ घातलं, वाकून पाया पडली. आत निकिता भिंतीला टेकून उभी होती. ओठ घट्ट मिटलेले.

इथून बाई माघारी वळल्या असत्या तरी रीत पुरी झाली असती. त्या वळल्या नाहीत.

"नीलम्मा, माझ्यावर काय राग काढायचा तो काढ," त्या म्हणाल्या. "पण पोरीवरची बंदी उठव गं. हात जोडते तुला. तिला माझ्याशी बोलू दे."

नीलम्मानं रिकामं सूप छातीशी धरलं.

"म्या कुठं बंदी घातली, अक्का? म्या तर सारखी म्हणते, जा, काकूकडं जाऊन ये. तुमी घर सोडलं तवा ही तुमच्या पदराला धरून रडत व्हती. तुमीच हिचा हात झटकला. म्हणलात, 'आजपासून मला काकू म्हणायचं न्हाय, माझ्याशी बोलायचं न्हाय.' तवापासून पाळती पोरगी. म्या समजवाया गेले की मलाच ऐकवती, 'आई, मोठ्यांचा शब्द मोडायचा नसतो. बाईंनीच शिकवलंय.'"