जबाबदारी सगळ्यांची

वर्तकनगरच्या कॉलनीत दाजी कुडतरकरांना सगळे कॉम्रेडच म्हणत. आवारातला सार्वजनिक नळ कुणी उघडा टाकला, की दाजी लेंगा सावरत जिना उतरून तो बंद करायचे आणि समोर सापडेल त्याला ऐकवायचे, "अरे, ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांच्या बायका अजून कोसभर पाण्याला जातात. पाणी सगळ्यांचं, तर जबाबदारीही सगळ्यांचीच." लोकही "खरंय हो" म्हणून माना डोलवायचे.

विठ्ठलवाडीच्या तीन दिवसांच्या शिबिरात लोकसहभागावर बोलायला बोलावलं, तेव्हा दाजींनी छाती पुढे काढून सांगितलं, "आमच्या कॉलनीत आता थेंब वाया जात नाही. माणसं शिकतात. आपण पिच्छा सोडायचा नाही, एवढंच."

शिबिर आटोपून दाजी परतले, तर फाटकापासूनच चपला बुडतील एवढं पाणी. नळ धो धो वाहत होता. शेजारी तळमजल्यावरच्या हौसाबाई लुगडं वर खोचून, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. दाजींना बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.


"काय हो कॉम्रेड, परवापासून नळ वाहतोय. होतात कुठे तुम्ही?"